पेंटरचा ठोकलेला रणगाडा

माझ्या धाकट्या भावाचं काम चांगलं झालं की दिसत नाही, आणि दिसलं की समजावं, बिघडलं. तो गॅरेजमध्ये गाड्या रंगवतो. पूर्ण गाडी क्वचितच. बहुतेक वेळा एखादा दरवाजा, मडगार्डचा कोपरा, बंपरची एक बाजू. कोणीतरी कुठेतरी गाडी ठोकतं, डेंटर पत्रा सरळ करतो, मग हा पुट्टी भरतो, घासतो, प्रायमर मारतो, पुन्हा घासतो आणि असा रंग चढवतो की जुना कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला हे मालकाला भर उन्हात उभं राहूनही सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. गॅरेजमध्ये, गल्लीत, आमच्या इमारतीच्या जिन्यात सगळे त्याला पेंटर म्हणतात. मीही म्हणते, रागावले की. आणि मी बऱ्याचदा रागावलेली असते.

मी कपडे दुरुस्त करते. रफू, चेन बदलणं, कमरेत सैल, कमरेत घट्ट. आमच्या आईने आम्हा दोघांना काय खाऊ घातलं होतं कोण जाणे, दोघांच्याही वाट्याला पुसून टाकायचीच कामं आली. माझ्याकडेही लोक येतात, कोट उजेडात धरतात, भोक शोधतात, सापडत नाही, आणि मग माझ्याकडेच संशयाने बघतात, की इथे भोक होतं तरी का? मी गप्प बसत नाही. त्यांचं बोट धरून कापडावर ठेवते आणि म्हणते, "इथे होतं. आता शोधा." भाऊ असलं काही करत नाही. लोक गाडीवरून बोट फिरवतात, काही सापडत नाही, 'बरं, ठीक आहे' म्हणतात आणि निघून जातात. हा हात पुसत उभा असतो. आई म्हणायची, तोंड हिला मिळालं आणि हात त्याला. हातांच्या बाबतीत मी तिच्याशी आयुष्यभर भांडले, तोंडाच्या बाबतीत बोलायला जागा नव्हती.

तर अशा माणसाच्या घरात रणगाडा कसा आला ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये मागून ठोकलेली एक गाडी आली. डिकी आत गेलेली, आणि डिकीत एक मोठं खोकं चेंगरलेलं. रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याचे सुटे भाग होते त्यात. मालक म्हणाला, टाकून द्या, आता याचं काही होत नाही. 'काही होत नाही' हे शब्द माझ्या भावासमोर कोणी बोलू नयेत. तो ते खोकं छातीशी धरून घरी घेऊन आला. वहिनी दारातच म्हणाली, "हे काय आणि?"

"रणगाडा," हा म्हणाला.

आमच्या घरात आजवर कोणी कोणावर हात उगारलेला नाही. मी लहानपणी याला बदडत असे तेवढंच. आणि वहिनी तर इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागात काम करते. घरी आलेल्या भाजीलाही ती आधी अंघोळ घालते. तिच्या जेवणाच्या टेबलावर त्या संध्याकाळी वाकलेली चाकं, तुटलेली नळी, तेलकट मोटारी आणि साखळीच्या कड्यांचा ढीग पसरला. कड्या एकशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक कडीला दोन बारीक खिळे. त्या जोडून दोन्ही बाजूंचे पट्टे करायचे. भावाने त्या एकेक करून गरम पाण्यात टाकल्या, सरळ केल्या, घासल्या आणि जोडल्या. टेबलाचा अर्धा भाग रणगाड्याचा झाला आणि अर्ध्या भागावर दोघं जेवू लागली. मधे वहिनीने चिकटपट्टीची रेघ ओढली. ती रेघ ओलांडून एक स्क्रू जरी आला तरी तो कचऱ्यात जाईल असं तिने जाहीर केलं, आणि दोन गेलेही.

वर्षभरात रणगाडा उभा राहिला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, गर्द हिरवा. रिमोट दाबला की गुरगुरत पुढे जायचा, जागच्या जागी फिरायचा, वरचा घुमट वळवायचा. तोफेचा आवाज काढणारी वायर भावाने पहिल्याच दिवशी काढून टाकली. म्हणाला, दचकायला होतं. रंग मात्र असा दिला होता की बघत राहावं. मी डोळे बारीक करून बघितलं, बोट फिरवलं. एक ओघळ नाही, एक कण नाही.

गावात अशी मॉडेलं बनवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर वर्षी ते शाळेच्या व्यायामशाळेत प्रदर्शन भरवतात आणि गुण देतात. गेल्या वर्षी हा तिथे गेला, तेव्हा मीही बरोबर होते. परीक्षक म्हणजे नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, गळ्यात भिंग लटकवलेलं. त्यांनी रणगाडा एकदा बघितला, भिंग डोळ्याला लावण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही आणि कार्डावर लिहून पुढे गेले. आम्ही कार्ड वाचलं. 'जोडणी उत्तम. रंग कारखान्यातला, स्पर्धकाचा नव्हे. रंगकामाचे गुण नाहीत.'

माझं डोकंच फिरलं. मी निघालेच होते त्या भिंगवाल्यांची हजेरी घ्यायला. भावाने माझ्या पिशवीचा बंद धरला.

"ताई, तक्रार काय करणार? की माझं काम कारखान्यासारखं दिसतं म्हणून?"

"मग सांग ना त्यांना, की मी केलंय!"

"सांगावं लागलं तर मग काय उपयोग?"

आम्ही घरी आलो. जिन्यात, माझ्या मजल्यावर, मी किल्ली शोधत असताना तो थांबला. म्हणाला, "गाड्यांचं ठीक आहे गं. तिथे दिसू नये म्हणूनच लोक येतात. पण हे तर मी माझ्या हौसेने केलं. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी बघावं आणि म्हणावं की हे कोणीतरी हाताने केलंय. पुढच्या वर्षी शेवटचं. तेव्हाही कारखान्यातला म्हणाले, तर देऊन टाकेन कोणाला तरी."

पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाज शाळेतून पडलेल्या चेहऱ्याने घरी यायचा तेव्हाचा. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याला उगाच ओरडले, उंबऱ्यात उभा राहू नकोस म्हणून.

तर आता प्रश्न सोपा होता. रणगाडा वापरलेला दिसला पाहिजे. चिखल, गंज, ओरखडे, उडालेला रंग. मंडळातले बाकीचे लोक हेच करतात. चांगलं मॉडेल आधी बनवतात आणि मग कलाकुसरीने त्याची वाट लावतात. भावाने तयारी सुरू केली. रस्त्यावरची धूळ डब्यात भरून आणली आणि वहिनीच्या चहाच्या गाळणीतून चाळली. त्या प्रकरणी घरात काय झालं ते मी सांगत नाही. गाळण्या आता दोन आहेत आणि एकीवर वहिनीने लाल रंगाने फुली मारलीय. स्पंजच्या तुकड्याने तपकिरी रंग टिपून टिपून त्याने कडांवर गंज काढला. सुंदर गंज. मला बोलावून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले तर गंज गायब. रणगाडा चकचकीत.

"अरे, कुठे गेला?"

"बघत बसलो होतो," तो खाली मान घालून म्हणाला. "हातात पॉलिशचं कंपाउंड कधी आलं कळलंच नाही."

असं तीनदा झालं. तीनदा याने मेहनत करून गंज आणला आणि तीनदा फडक्याने पुसून टाकला. एकदा तर ओरखडा मारून झाल्यावर रंग वाळायच्या आत त्यात पुट्टी भरली. वहिनी मला म्हणाली, "यांना झोपेत उठवून वाकडा चमचा दिला तरी सरळ करून परत झोपतील." खोटं नव्हतं ते. हातांना अठ्ठावीस वर्षं एकच गोष्ट शिकवलेली, आता ते ऐकेनात.

मला अशा वेळी माझाच एक पाणउतारा आठवला. एका नाटक कंपनीने एकदा मला भिकाऱ्याचा कोट शिवायला दिला होता, ठिगळं लावलेला. मी इतकी नेटकी ठिगळं लावली की दिग्दर्शकाने कोट परत पाठवला. म्हणाला, बाई, हा भिकारी तर शिंप्याच्या घरचा जावई वाटतोय! दोन दिवस मी फणफणले. मग विचार केला, की हा माणूस बसतो कुठे? कोपर कशावर टेकतो? खिशात काय कोंबतो? ते ठरवलं आणि कोट आपोआप फाटला, जिथे फाटायला हवा तिथे.

भावाला मी ते सांगितलं. "तू नुसतं घाण करायला बघतोस. म्हणून तुला ती घाण वाटते आणि तू पुसतोस. आधी ठरव, याला काय काय झालंय. कोणी ठोकलं, कुठे ठोकलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं याला काहीतरी खाण्याची आठवण झाली.

"ताई, मला माहितीये की! मला सगळं माहितीये!"

आणि खरंच त्याला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांत गॅरेजमध्ये आलेला प्रत्येक खड्डा त्याच्या डोक्यात होता. कोणती गाडी, कुठली बाजू, किती खोल, आणि मालकाने काय खोटं सांगितलं. त्याने एक वही घेतली, रणगाड्याच्या दोन बाजू काढल्या आणि खड्डे वाटून द्यायला बसला. मी आणि वहिनी समोर बसून ऐकत होतो आणि हसून हसून आमची पुरेवाट होत होती.

डाव्या बाजूला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीचा कोपरा. त्यावर तेरा वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे तेरा ओरखडे, एकावर एक. त्याच्या मागे डॉक्टरीणबाईंचं फाटक. या बाई दर दोन-तीन वर्षांनी गाडी मागे घेताना आपल्याच घराच्या फाटकावर आदळायच्या आणि दर वेळी सांगायच्या, की फाटक पुढे आलं. त्यांचे तीन खड्डे होते, दोन डावीकडे, एक उजवीकडे. मग 'बायकोने ठोकली' असं सांगत आलेले एक गृहस्थ. सीट पार मागे सरकवलेली आणि बायको जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत होती. भावाने तेव्हा फक्त सीट पुढे करून गाडी परत दिली होती.

उजव्या बाजूला पाववाल्याची व्हॅन. पहाटेपासून पाव पोचवून थकलेल्या त्या माणसाचा डोळा लागला आणि व्हॅन भिंतीला घासत गेली. लांबच लांब लाटेसारखी पट्टी. गॅरेजमध्ये येऊन रडला होता बिचारा. आणि मागच्या कोपऱ्यात एक छोटासा, अंगठ्याएवढा खड्डा. तो काढताना भाऊ हसत नव्हता. एकाने वडिलांची गाडी आणली होती, म्हाताऱ्याने खांबाला टेकवलेली. खड्डा काढून दिला, रंग दिला. तीन महिन्यांनी तो माणूस पुन्हा आला. वडील गेले होते. ती त्यांनी शेवटची चालवलेली गाडी. विचारत होता, तो खड्डा परत करता येईल का?

"मग?" वहिनीने विचारलं.

"नाही म्हणालो. कसा करणार? तसाच तर नसता झाला."

 मग वहिनीने उठून चहा टाकला, फुली नसलेल्या गाळणीने.

तीन आठवडे तो त्या खड्ड्यांवर बसला होता. सोल्डरिंगच्या गरम कावियाने प्लास्टिक मऊ करायचं, चमच्याच्या पाठीने दाबायचं, सुईने ओरखडा, स्पंजने गंज, ब्रशने चिखल. आणि यावेळी हात एकदाही कंपाउंडकडे गेला नाही. कारण आता ती घाण नव्हती, ओळखीची माणसं होती. मी बघायला गेले तेव्हा आपोआप बोट पुढे गेलं. रणगाडा सोळा ठिकाणी ठोकलेला होता आणि प्रत्येक ठिकाण खरं होतं.

रणगाडा आणि प्रदर्शन डेंटरला ठाऊक होतं, पण या खड्ड्यांचं त्याला काही सांगायचं नाही, अशी भावाची सक्त ताकीद होती. डेंटर म्हणजे गॅरेजमध्ये याच्या शेजारी एकवीस वर्षं पत्रा सरळ करणारा माणूस. दाराएवढा रुंद, पत्र्यावर हातोडी मारून मारून कान गेलेले, त्यामुळे साधं 'नमस्कार'सुद्धा समोरच्या फुटपाथला ऐकू जाईल असं म्हणतो. मन लोण्याचं. वहीतला प्रत्येक खड्डा आधी त्याच्या हातून गेलेला, मग याच्या. भावाला त्याला प्रदर्शनात नेऊन एकदम दाखवायचं होतं.

प्रदर्शन रविवारी. शनिवारी सकाळी भाऊ रणगाडा पिशवीत घालून गॅरेजमध्ये घेऊन गेला, कारण रंगाची चमक मारणारा शेवटचा मॅट हात तिथल्या रंगाच्या खोलीतच नीट बसतो. मी पिशवीला आतून जाड अस्तर लावून दिलं होतं. डेंटर तेव्हा सुटे भाग आणायला बाहेर गेलेला. भावाने हात मारला, रणगाडा वाळत ठेवला, आणि नेमकी त्याच वेळी आठवडाभर ठणकणारी दाढ असह्य झाली. वहिनी येऊन त्याला धरून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दाढ काढावी लागली. संध्याकाळी पाचला रणगाडा आणायला आम्ही तिघं गॅरेजमध्ये गेलो तेव्हा भावाचा गाल टम्म फुगलेला, अर्धं तोंड बधिर आणि तोंडात कापूस. एक शब्द बोलायची सोय नव्हती.

डेंटर दारातच उभा होता, कपाळाला पुट्टी लागलेली, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद.

"पेंटर!" तो गरजला. "अरे काय हालत झाली होती तुझ्या गाडीची! कोणी ठोकली रे? मला सांगितलं का नाहीस? बघ, बघ! एक बाजू केली! दुसरी उद्या सकाळी येऊन करतो, तुझं प्रदर्शन सुरू व्हायच्या आत!"

रणगाड्याची डावी बाजू नवी कोरी होती.

मास्तरांचे तेरा ओरखडे, डॉक्टरीणबाईंची दोन फाटकं, सीट मागे सरकवणारे गृहस्थ, सगळे गेले होते. गरम हवेने प्लास्टिक सरळ केलेलं, पुट्टी भरलेली, दिव्याखाली वाळवून घासलेलं, भावाच्याच स्प्रे-गनने, भावाच्याच डब्यातला हिरवा रंग मारलेला. तीन आठवडे एका दुपारीत साफ. आणि तेही निव्वळ प्रेमापोटी.

भाऊ बोलू शकत नव्हता. माझ्या तोंडाला मात्र कुठलीही भूल दिलेली नव्हती. मी डेंटरला असं काही फैलावर घेतलं की गॅरेजच्या मालकाने काचेतून डोकावून बघितलं आणि शहाणपणाने पडदा ओढला. डेंटरला निम्मं ऐकू आलं नसेल, पण माझा चेहरा बघून त्याला अंदाज आला. एवढा मोठा माणूस, हातातलं फडकं पिळत उभा राहिला.

"ताई, मला वाटलं पडली कुठेतरी," तो म्हणाला, त्याच्या मानाने अगदी हळू. "उद्या हा लोकांसमोर नेणार. अशी ठोकलेली गाडी कशी नेऊ द्यायची?"

 बरोबरच होतं त्याचं. एकवीस वर्षांत त्याने काय दुसरं केलं होतं?

भावाने मला हाताने बाजूला केलं. डेंटरचा उजवा अंगठा धरला. माझ्यासारखाच; मी गिऱ्हाइकांचं बोट धरते ना, तसा. आणि रणगाड्याच्या उजव्या बाजूला नेऊन एका खड्ड्यावर ठेवला.

डेंटरने भुवया चढवल्या. अंगठा खड्ड्यात फिरवला, एकदा, दोनदा. खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला.

"हे…" तो म्हणाला. "हे फाटक आहे! डॉक्टरीणबाईंचं! पेंटर, हे फाटक पुढे आलं होतं ते!"

भाऊ फुगलेल्या गालाने हसला. डेंटरचा अंगठा आता आपणहून सरकत होता. "ही पाववाल्याची! ही पूर्ण पट्टी मी दोन दिवस ठोकत होतो!" मग अंगठा मागच्या कोपऱ्यात पोचला आणि थांबला.  त्या माणसाच्या आवाजाला इतक्या खाली येता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"हा त्या वडिलांचा. मीच काढला होता. दोन ठोके फक्त." त्याने भावाकडे बघितलं. "हा वाचला रे. हा उद्या सकाळी गेला असता."

आणि मग डाव्या बाजूकडे बघून त्याला कळलं की आपण काय पुसलं. तो मटकन स्टुलावर बसला. म्हणाला, "डाव्या बाजूला कोण कोण होतं?" वहिनीने एकेकाचं नाव सांगितलं, आणि प्रत्येक नावाला तो कपाळावर हात मारत होता.

भावाचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तो रणगाड्यावर वाकला होता. वरच्या सपाट भागावर, जिथे ठोकलेली बाजू संपून कोरी बाजू सुरू होत होती, तिथे तो बोट फिरवत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. डोळे मिटून. मग दिवा ओढून तिरका धरला. मग बॅटरीने बघितलं. अठ्ठावीस वर्षं लोक त्याच्या कामावरून जसं बोट फिरवत आले, तसंच. शेवटी त्याने हात वर केले. जोड सापडत नव्हता. गंज होता, चिखल होता, आणि मग नव्हता; कुठे नाहीसा झाला ते सांगता येत नव्हतं. डेंटरने त्या दिवसापर्यंत कधी गन हातात धरली नव्हती. एकवीस वर्षं शेजारी उभं राहून नुसतं बघितलं होतं.

भावाने मंडळाचा फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, 'रंगकाम कोणाचे'. तिथे त्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. त्याने शेजारी 'आणि' लिहिलं, आणि त्यापुढे डेंटरचं नाव. खरं नाव, आईवडिलांनी ठेवलेलं. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग कापूस सांभाळत, एकेक अक्षर जोडत तो डेंटरच्या कानाशी म्हणाला, "दुसरी बाजू… नको करू. असाच नेऊ."

रविवारी व्यायामशाळेत पंचवीस-तीस मॉडेलं होती आणि सगळी चिखलाने माखलेली. त्यात एकच रणगाडा अर्धा मळका आणि अर्धा कोरा. लोक थांबत होते. एका बाजूने यायचे, नाकं मुरडायचे, दुसऱ्या बाजूला जायचे आणि परत पहिल्या बाजूला यायचे. डेंटर लग्नाला निघाल्यासारखा कोट घालून आला होता. कोट माझ्याकडेच रफू झालेला, कुठे ते विचारू नका, सापडणार नाही. तो प्रत्येकाला फाटकाची गोष्ट सांगत होता, त्यामुळे आख्ख्या व्यायामशाळेला ती पाठ झाली.

भिंगवाले आले. डाव्या बाजूने आले, मी दात आवळले. एक नजर टाकून ते कार्डाकडे हात नेणार, एवढ्यात त्यांचं लक्ष वरच्या भागाकडे गेलं. ते थांबले. भिंग डोळ्याला लावलं. वाकले. उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे आले. बोटाच्या टोकाने हळूच चाचपलं.  माझ्या घड्याळात सात मिनिटं झाली. सरळ झाले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचा आवाज आला.

"ही बाजूही अशीच होती?" त्यांनी कोऱ्या बाजूकडे बोट दाखवलं.

"हो," भाऊ म्हणाला.

"मग जोड कुठे आहे?"

भावाने डेंटरकडे बघितलं, डेंटरने भावाकडे. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्या दोघांना कोणीही विचारला नव्हता. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने दाढ दुखत असल्याचं नाटक करून गाल धरला.

"आहे, पण मलाही सापडत नाही," तो म्हणाला. "हे यांनी केलंय. हाताने."

"आणि ती बाजू पेंटरने!" डेंटर गरजला. "ते फाटक बघितलंत का?"

भिंगवाल्यांनी फॉर्म बघितला, दोन नावं बघितली आणि खेदाने मान हलवली. नियमाप्रमाणे मॉडेल एकाच स्पर्धकाचं हवं. त्यांनी कार्ड लिहून ठेवलं आणि पुढे गेले, पण जाता जाता आणखी दोघांना पाठवून दिलं, जोड शोधायला. कार्डावर लिहिलं होतं, 'दोघांचे काम. नियमानुसार गुण नाहीत. जोड सापडला नाही.' गेल्या वर्षीचं कार्ड भावाने कुठे टाकलं मला माहीत नाही. हे वहिनीने फ्रिजवर लावलंय, वर प्लास्टिक घालून, पुसता यावं म्हणून.

शेवटी सगळ्यांनी आपापली मॉडेलं वाळूच्या वाटेवर चालवायची होती. भावाने रिमोट डेंटरच्या हातात दिला. डेंटरने तो हातोडी धरावी तसा धरला. रणगाडा गुरगुरला, वाळूचा चढ चढला, पुलावरून गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, डेंटरने खूश होऊन जरा जास्तच दाबलं आणि रणगाडा वळला तो सरळ भिंगवाल्यांच्या टेबलाच्या लोखंडी पायावर आदळला. ठण्णकन आवाज झाला. डाव्या बाजूला. कोऱ्या.

आम्ही धावलो. पुढच्या कोपऱ्यावर एक आडवा, बोटभर, पांढरा ओरखडा उठला होता आणि त्याच्या टोकाला एक खोच. डेंटरचा चेहरा पडला. तो गुडघ्यावर बसला, एका हाताने रणगाडा उचलला आणि दुसरा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. कंपाउंडची डबी बाहेर आली. हा माणूस प्रदर्शनाला येतानाही ती खिशात घेऊन आला होता!

भावाने खाली बसून त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "बाकीचे सगळे लोकांचे आहेत. हा आपला आहे."